जुनी पेटी नवी करूं नका

दागिन्यांच्या जुन्या पेटीवरील एखादा खडा निखळला, कीं तेथें रंगीत कांच बसवावी, असें पुष्कळ वडील मंडळींस वाटतें. माझ्या मतें हा पेटीवर अन्याय होय. टस्कनीच्या पहिल्या फर्डिनांडोनें १५८८ सालीं फ्लॉरेन्स येथें स्थापिलेल्या कारखान्यांतील कारागीर रंग लावीत नसत. पाकळीची छटा ज्यांत मूळचीच आहे असा अकीक वा लाजवर्द शोधून, त्याचा पातळ काप आबनुसी लाकडांत बसवीत. त्या छटेची जोड कांचेस कोठून येणार? लाकूड दमट हवेंत फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. दगड तसाच राहतो, म्हणून सरस सुटतो. (त्यांत ओलें फडकें फिरविलें, तर विचारूंच नये!) निखळलेला तुकडा कागदांत गुंडाळून त्याच पेटींत ठेवावा व जाणता कारागीर मिळेपर्यंत थांबावें. फ्लॉरेन्सचा तो कारखानाही आज जुन्या कलावस्तूंची दुरुस्ती करणारी संस्था झाला आहे.