आधी मोडी, मग वंशावळ
निवृत्तीनंतर वंशावळी शोधून देण्याचा व्यवसाय करायचा, तर तयारी नोकरीत असतानाच सुरू करावी, आणि तीही मोडी लिपी शिकण्यापासून. कुलवृत्तान्त छापलेले आहेतच, हा आक्षेप अर्धाच खरा. ते मोजक्या घराण्यांचे, आणि अनेकांत मुलींची शाखा लग्नापाशीच थांबते. उरलेला पुरावा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि महसुलाच्या जुन्या कागदांत आहे, आणि त्यातला बराचसा मोडीत आहे. २०२३ मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची गरज सरकारलाही जाणवली. पैसे मिळतील का? पगाराइतके बहुधा नाहीत. पण पेन्शन हाताशी असल्यामुळेच, गिऱ्हाइकाला हवा तो शूर पूर्वज चिकटवून देण्याचे (मागणी त्याचीच जास्त!) काम नाकारता येते आणि ‘पुरावा सापडला नाही’ असा अहवाल देऊनही ठरलेली फी निःसंकोच मागता येते.