पॅकेजात न बसणारी माणसं

येलदरीला पूर्णेचं पाणी अडवलं. १९६८ साली धरण उभं राहिलं. पायथ्याला वीजघर झालं. वीज तारांवरून शहरात गेली, पाणी ज्याचा सातबारा त्याच्या रानात गेलं. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला काय मिळालं? धरण बघायला मिळालं.

त्याच येलदरीकडची एक आजी. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेला. चिखलात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. जीपमध्ये आडवी घालून आम्ही चौघं तिला घेऊन निघालो. तालुक्यानं सांगितलं जिल्ह्याला न्या. जिल्हा पन्नासावर किलोमीटर, आणि प्रत्येक खड्ड्याला आजीच्या तोंडून आईचं नाव. शेवटी एका खाजगी दवाखान्याच्या दारात पोचलो. दारावर योजनेचा बोर्ड. बोर्डावर जोतीबांचा फोटो.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, रेशनकार्डावर नाव एक आहे, आधारवर दुसरं. मग म्हणाला, आरोग्यमित्र जेवायला गेलेत. दोन तासांनी डॉक्टर आले. म्हणाले, "बसतं योजनेत. पण योजनेतली प्लेट हलकी येते. चांगली टाकायची तर वरचे तीस हजार भरा."

आजी म्हणाली, "हलकी म्हंजी माज्यासारकीच का रं बाबा?"

आम्ही म्हटलं, हे जे बोलला ते लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. लिहून द्या म्हटल्याबरोबर प्लेट जड झाली! ऑपरेशन झालं. फुकट झालं. आजी आता काठी टेकत चालते.

दोस्तहो, यात आमची मर्दुमकी काही नाही. सवाल असा आहे की जिच्यासोबत भांडायला चार शिकलेली पोरं नसतात, ती काय करते? ती शेळी विकते. मुकादमाकडून उचल घेते. नाहीतर जीप उलटी फिरवून घरी जाऊन मरते.

कागदावर तर सगळं झकास आहे. २०१२ च्या जुलैत राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत योजना सुरू झाली. परभणीला ती पोचली नोव्हेंबर २०१३ मध्ये. २०१७ ला पाटी बदलली, महात्मा फुल्यांचं नाव लागलं. दीड लाखाचं कवच होतं, २०२३ च्या जुलैत शासन निर्णय निघाला: पाच लाख, आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना. तेव्हाच्या यादीत १३५६ उपचार. आकडा ऐकून माणूस आजारी पडायला तयार व्हावा!

पण पैसा कुणाच्या हातात जातो? रोग्याच्या नाही. पॅकेज सरकार ठरवतं, मंजुरी दूरच्या ऑफिसात पडते, बिल दवाखाना लावतो. या सगळ्या व्यवहारात जिचं हाड मोडलंय ती नुसतं एक प्रकरण. आणि जे पॅकेजात बसत नाही ते? रोजचा ताप, बीपीची गोळी, साखरेची गोळी, खोकला, बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी? त्याला हे कवच नाही. गरीब माणूस एका मोठ्या ऑपरेशननं कर्जबाजारी होतो हे खरं. पण महिन्याच्या महिन्याला गोळ्या विकत घेऊन तो थोडा थोडा मरतो, त्याचं पॅकेज कुणी काढलं नाही.

विम्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्राध्यापक अदारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ ला दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. त्यात कामगाराची वर्गणी होती, मालकाची होती, आणि म्हणून हक्क होता. पण तो हक्क सुरुवातीला कारखान्याच्या गेटाच्या आतच थांबला. शेतमजूर, ऊसतोड्या, कंत्राटी झाडूवाला, ज्या कामावर आमची जात आहे ती कामं बाहेरच राहिली.

१९७२ साली पँथर जन्मली. त्याच साली सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. पँथरनं १९७३ च्या जाहीरनाम्यात शिक्षण, घर, धान्य याच दमात औषधपाण्याची सोयही मागितली होती. सरकारी कंपन्यांनी १९८६ ला मेडिक्लेम आणला, तो हप्ता परवडणाऱ्यांसाठी. १९९९ ला विमा नियामकाचा कायदा झाला आणि खाजगी कंपन्यांना दार उघडलं. त्या नियामकानं चांगले नियम केलेच नाहीत असं नाही. २०२४ ला त्यानं सांगितलं: कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्या, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या. जुन्या आजाराला थांबायची मुदत चारवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. २०२५ च्या सप्टेंबरात स्वतः घेतलेल्या पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. वा! पण हप्ता कमी झाला तो हप्ता भरणाऱ्याचा. तासाचं घड्याळ लागलं ते पॉलिसी विकत घेतलेल्यासाठी. आमच्या आजीच्या दोन तासांचा हिशोब कुणी मागायचा?

आणि विमा कंपनीला लगाम घालून दवाखाना मोकळा सोडला तर काय होतं, ते बीडला विचारा. २०१९ ला ऊसतोड बायांच्या गर्भाशयाचा सवाल विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. डॉक्टरनं कॅन्सरची भीती घालायची, मुकादमानं उचल द्यायची. केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० चा आहे, महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर गाडी ढकलली. २०२१ च्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आणि दरफलक आला. दर लावा म्हणाले, दर किती ते दवाखान्यानंच ठरवायचं! दर ठरवता येत नाहीत असं मात्र कुणी सांगू नये. २०२० च्या मे महिन्यात याच सरकारनं खाजगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते. कोरोना माडीवर चढला तेव्हा कायदा सापडला.

तिकडे सरकारी दवाखान्याचं काय? ऑक्टोबर २०२३, नांदेड. चोवीस तासांत २४ जीव गेले, त्यातली निम्मी तान्ही लेकरं. मग एक खासदार आले आणि आदिवासी समाजातल्या अधिष्ठात्याला संडास साफ करायला लावला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. औषध नाही, माणूस नाही, पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे या व्यवस्थेला बरोबर माहीत असतं.

योजनेला फुल्यांचं नाव दिलं. मग फुल्यांच्या घरचं दवाखान्याचं काम आठवा. १८९७ चा प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि यशवंतच्या दवाखान्यात आणलं. कार्ड विचारलं नाही. पॅकेज बघितलं नाही. त्याच प्लेगनं १० मार्चला त्या गेल्या. हे नाव बोर्डावर लावायचं आणि खाली काउंटरवर तीस हजार मागायचे?

आता जरा आपल्याकडं बघू. आपण पुतळ्याला जमतो, जयंतीला जमतो, जमलंच पाहिजे. पण दवाखान्याच्या काउंटरवर किती वेळा जमलो? शहरात नोकरीला लागलेल्या आपल्या पोरांच्या खिशात कंपनीचं मेडिक्लेम कार्ड आलं आणि गावच्या आजीची जीप डोळ्याआड झाली. हे आम्ही स्वतःलाही धरून बोलतोय.

आमच्या मागण्या सरळ आहेत. योजनेतून नकार द्यायचा तर लेखी द्या, कारणासह, वेळ टाकून. मंजुरीचं घड्याळ जे पॉलिसीवाल्याला, तेच आजीला. वरचे पैसे मागणाऱ्याला नुसतं पॅनेलवरून काढू नका, गुन्हा लावा. खाजगी दवाखान्याचे दर कायद्यानं बांधा. ऊसतोड्याला आणि शेतमजुराला कामगार विम्यात घ्या. आणि सगळ्यात आधी, प्राथमिक केंद्रात डॉक्टर आणि गोळ्या द्या, म्हणजे जीप भरायची पाळीच कमी येईल.

तोवर प्रत्येक शाखेनं एक काम करायचं. आपल्या शहरातल्या योजनेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस दोघांनी जाऊन बसायचं. खेड्यातून आलेल्या माणसाशेजारी बसायचं. हातात एक वही. कुणाला काय सांगितलं, किती मागितले, पावती दिली का, सगळं तारखेनिशी लिहायचं. आणि काउंटरवर एकच वाक्य म्हणायचं: लिहून द्या.

अक्षर हातात आलं ते कशासाठी? यासाठीच.

जयभीम!