आधी तपासणी, मग सुटे भाग

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग थरथरते, आरसा हलतो. गिऱ्हाईक गॅरेजात येते आणि बॉनेट नीट उघडण्याआधीच प्लग, कॉइल, माउंटिंग असा बदलण्याचा हिशेब मांडला जातो. ही पद्धत आम्हाला मान्य नाही. बिल वाढते, थरथर तशीच राहते आणि गिऱ्हाईक दुसरे गॅरेज शोधते.

मारुती ८०० किंवा अल्टो ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे. थोडी थरथर त्याच्या बनावटीतच आहे, हे गिऱ्हाइकाला सांगून टाकावे. ती एकाएकी वाढली असेल तर आधी कान द्यावा. इंजिनचा आवाज एकसारखा असून गाडी हलते, तर पहिला संशय माउंटिंगवर. आवाज तुटत असेल, तर एखादा सिलिंडर पेटत नाही, किंवा व्हॅक्यूमचा पाइप चिरून हवा शिरते आहे, नाही तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचली आहे.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत स्कॅनर पी ०३०१ दाखवतो, म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर. तेवढ्यावर कॉइल विकू नये. इंजिन बंद करून पहिल्या-दुसऱ्याच्या कॉइलची अदलाबदल करावी. मग कोड ०३०२ आला तर दोष कॉइलचा. नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन पाहावे. यात सुट्या भागांचा खर्च नाही, फक्त वेळ जातो.

त्या वेळेचे पैसे देताना गिऱ्हाईक कुरकुरते, म्हणून मेकॅनिक ते सुट्या भागांतून काढतो. आमच्या मते तपासणीची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि गाडीवाल्यांनी ती बिनतक्रार द्यावी. बदललेला जुना भाग मात्र मागून घ्यावा.