‘अस्सल’ इंजिनाची बखर: जुनी एनए घ्यावी की जुनी टर्बो?

१/
मोटारींच्या गप्पांत एक वाक्य सुभाषिताच्या थाटात फेकले जाते: ‘नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणजे अस्सल, टर्बो म्हणजे भेसळ.’ हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे आणि सल्ला म्हणून घातक. वाशिंदचा माझा मावसभाऊ भूसंपादनाच्या मोबदल्यातला आपला वाटा, पाच लाख रुपये, याच वाक्याच्या भरवशावर एका जुन्या गाडीत घालायला निघाला आहे. तेव्हा हा खंडनाचा प्रपंच. #थ्रेड

२/
आधी संज्ञा. इंजिनात इंधन जाळायला हवा लागते. पिस्टन खाली सरकताना केवळ वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर जे इंजिन भागवते, ते नॅचरली ॲस्पिरेटेड, बोलीत ‘एनए’. टर्बोमध्ये धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंनी एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतकी हवा पिते. एवढेच.

३/
‘टर्बो ही हल्लीची पळवाट’ हा पहिला गैरसमज. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. त्या वर्षी आपल्याकडे लोक वंगभंगाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. फोर्डची मॉडेल टी बाजारात यायला अजून तीन वर्षे होती. म्हणजे सामान्य माणसाच्या हाती मोटार येण्याआधीच टर्बोची कल्पना कागदावर होती. जिला ‘नवी भेसळ’ म्हणता ती एकशेवीस वर्षांची आहे.

४/
ब्यूखीचा जन्म विंटरथुरचा. या गावाचे नाव शहापूर तालुक्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. जीआयपी रेल्वेने १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटांसाठी जी विजेची मालवाहू इंजिने आणली, ज्यांना आपल्याकडचे लोक ‘खेकडा’ म्हणत, त्यांतली पहिली याच विंटरथुरच्या कारखान्यात बनली. वाशिंद, आसनगाव, कसारा ओलांडून थळ घाटाचा ३७ फुटांस १ फूट असा चढ ती चढत. गंमत अशी, की विजेच्या इंजिनाला श्वासच नसतो. ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ श्वासाचा वाद खेकड्याला ऐकवला असता तर तो नुसता तिरका चालत निघून गेला असता.

५/
टर्बोची खरी गरज प्रथम उंचीवर भासली. वर जावे तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर नेऊन तपासले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले होते, टर्बो लावताच ३५६ वर गेले. ज्यांना टर्बो हा ‘आळशी अभियंत्यांचा शॉर्टकट’ वाटतो त्यांनी त्या थंडीत तो प्रयोग करणाऱ्यांची आठवण ठेवावी.

६/
पुढे १९२० च्या दशकात ब्यूखीची यंत्रणा जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना लागली आणि १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० वर गेली. मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर यांतून. १९७३ ला बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, मग पोर्शे ९११ टर्बो. शर्यतींत रेनोने १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो उतरवला तेव्हा लोक हसले. १९८८ साली होंडाच्या टर्बो इंजिनाच्या मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या आणि १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. हरणाऱ्या यंत्रावर कोणी बंदी घालत नाही.

७/
आता मुख्य मुद्दा, जो या ‘अस्सल’वाद्यांच्या बखरीत कधीच येत नाही. इंजिनाचे रूप बहुतेक वेळा अभियंत्याने नव्हे, करवसुली खात्याने ठरवले आहे.

ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरच्या केवळ व्यासावर मोजत. पिस्टन किती लांब धावतो याच्याशी सरकारला देणेघेणे नव्हते. परिणाम उघड होता: पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश इंजिने अरुंद आणि लांबुळकी बनली, मंद फिरणारी. त्या इंजिनांच्या ‘खास ब्रिटिश स्वभावा’वर लोकांनी पुस्तके लिहिली. तो स्वभाव नव्हता, करपत्रक होते.

८/
इटलीत २००० सीसीच्या वरच्या मोटारींवर मूल्यवर्धित कर जवळजवळ दुप्पट, ३८ टक्के, होता. म्हणून फेरारीने १९८० साली आपले व्ही-८ इंजिन दोन लिटरखाली आणून २०८ ही गाडी काढली. शक्ती १५५ अश्वशक्ती, म्हणजे फेरारीच्या मानाने लाजिरवाणी. मग १९८२ साली त्याच इंजिनाला टर्बो लावला आणि २२० अश्वशक्ती मिळाली. फेरारीची रस्त्यावरची पहिली टर्बो गाडी करामुळे जन्मली. ‘फेरारीचा आत्मा एनए’ असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला जपून ठेवावा.

९/
आपल्याकडचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. अटी: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. आता चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन पाहा: ११९७ सीसी, टर्बो, १०५ अश्वशक्ती. तीन सीसी राखून कायद्याच्या आत. याउलट रांजणगावची अबार्थ पुंटो: लांबी ४ मीटरच्या आत, पण इंजिन १३६८ सीसी, त्यामुळे सवलत नाही. १४५ अश्वशक्तीची ती गाडी २०१५ साली आली, जाणकारांनी डोक्यावर घेतली, आणि रस्त्यावर मात्र क्वचितच दिसली. किमतीखेरीजही कारणे असतील. पण करपत्रक बाजूला ठेवून या दोन गाड्यांचा इतिहास लिहिणारा माणूस अर्धाच इतिहास लिहितो.

१०/
मराठी घराघरात ठाऊक असलेली सर्वांत प्रसिद्ध एनए स्पोर्ट्स कार कोणती? सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेना. ३.६ लिटर, व्ही-८, टर्बोविना सुमारे ४०० अश्वशक्ती. २००२ साली सिल्व्हरस्टोनला मिखाएल शूमाखरच्या हस्ते मिळाली. आणि लगेच चर्चा कशाची? इंजिनाची नव्हे, सीमाशुल्काची! माफी मिळाली, न्यायालयात आव्हान आले, अखेर एक कोटीहून अधिकचे ते शुल्क फियाटने भरले. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. म्हणजे आपली सर्वांत गाजलेली एनए गाडीही शेवटी ‘सेकंडहँड’च झाली.

११/
इथवर वाचून टर्बोपंथीयांनी टाळ्या वाजवल्या असतील. थांबा.

त्यांचा लाडका युक्तिवाद घाटाचा. ‘कसारा चढायचाय ना, मग टर्बोच हवी.’ इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. ढोबळ हिशेबाने एनए इंजिन तिथवर ६ टक्क्यांच्या आसपास शक्ती गमावते. लडाखच्या खिंडींत हा युक्तिवाद चालेल, कसाऱ्यात विरळ हवेचे कारण सांगणे म्हणजे टेकडीला हिमालय म्हणणे. शिवाय जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला आहे. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी घाटाला वळसाही न घालता निघते.

१२/
टर्बोचा खरा गुण दुसरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पोलो जीटी टीएसआयचे टॉर्क १७५ न्यूटन-मीटर, जुन्या १.८ लिटर एनए होंडा सिव्हिकचे १७२. जवळजवळ सारखेच. पण पोलोत ते १५०० फेऱ्यांपासून मिळते, सिव्हिकमध्ये ४३०० वर. ट्रकच्या मागे अडकून दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हा फरक पायाला कळतो. उलट एनएचा पेडल दाबताच, विलंबाविना, जेवढे मागितले तेवढेच मिळणारा प्रतिसाद आणि वर चढत जाणारा आवाज, हे सुखही खरे आहे. मी स्वतः त्या सुखाच्या बाजूचा. पण सुख म्हणजे ‘अस्सलपणा’ नव्हे. रुची आणि प्रमाण यांची गल्लत आपल्या विषयात कोणी केली तर परीक्षक उत्तरपत्रिका परत करतो.

१३/
मग जुनी गाडी घेताना निवड कशावर करायची? इथे आपले शास्त्र कामाला येते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींपुढे अस्सल पत्रे ठेवली. जुनी गाडी म्हणजे साधनचिकित्सेचाच प्रश्न. विक्रेता सांगतो ती बखर. ‘डॉक्टरची गाडी, फक्त रविवारी बाहेर निघायची.’ असे किती डॉक्टर आणि किती रविवार!

बखरींतही प्रतवारी असते. पहिला मालक स्वतः बोलत असेल तर तो सभासद: आठवणीत चुकेल, पण त्या काळात वावरलेला. तिसऱ्या हातातून आलेल्या गाडीची कहाणी सांगणारा दलाल म्हणजे चिटणीस: घटना घडून शतक उलटल्यावर ऐकीव गोष्टींना रंग देणारा.

आणि सर्व्हिसची बिले म्हणजे जेधे शकावली. रुक्ष, तुटक, अलंकारहीन. तारीख, किलोमीटर, काय बदलले. तिच्यापुढे सगळ्या बखरी झुकल्या पाहिजेत.

१४/
आता या कसोटीवर दोन्ही इंजिने लावा. एनए इंजिनाला खोटे बोलता येते, पण वाईट बोलता येते. तेल जळत असेल तर धूर दिसतो, कॉम्प्रेशन गेले असेल तर मापकावर आकडा येतो, टायमिंग चेन सैल असेल तर ऐकू येते. गावातला बरा मेकॅनिक अर्ध्या तासात त्याचा कबुलीजबाब घेतो.

टर्बोचे पाप अदृश्य असते. तिचे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करायची सवय, तेल बदलायला केलेला उशीर, हे सगळे आत काजळी होऊन साठते आणि चाचणीच्या दहा मिनिटांत काहीच सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘रिमॅप’. संगणकातले आकडे बदलून टर्बोचा दाब वाढवायचा, दोन वर्षे मजा मारायची, विकायच्या आदल्या आठवड्यात मूळ आकडे परत घालायचे. कागदावर खाडाखोड झाली तर शाई बोलते. इथे शाईच नाही. काही कंपन्यांच्या संगणकात पुनर्लेखनाची नोंद राहते, ती अधिकृत केंद्रात तपासून घ्यावी. पण किती गिऱ्हाइके ते करतात? एनएलाही रिमॅप करतात, पण त्यातून मिळते इतके थोडे की फारसे कोणी त्या वाटेला जात नाही.

१५/
म्हणून माझा पक्ष असा, आणि दोन्ही पंथांनी खुशाल शिव्या द्याव्यात. पूर्ण शकावली असलेली, एकाच मालकाची टर्बो ही कागदपत्रांविना असलेल्या एनएपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. दोन्हींचे कागद अपुरे असतील तर एनए घ्यावी. ती पवित्र आहे म्हणून नव्हे, तिचे खोटे पकडता येते म्हणून.

१६/
मावसभावापुढे दोन गाड्या आहेत. एक टर्बो हॅचबॅक, चकचकीत, तिसरा मालक, बिले ‘घर बदलताना हरवली’. दुसरी १.६ लिटरची एनए सेडान, बंपरवर ओरखडे, पण अकरा वर्षांची बिले प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांत एकदा क्लच बदलल्याचीही नोंद. तो टर्बो सोडायला निघालाच होता, पण ‘भेसळ नको’ या कारणाने. मी म्हटले, तुझा निर्णय बरोबर आहे, कारण मात्र भिकार आहे. उद्या हीच टर्बो पूर्ण बिलांसह समोर आली असती तर तू तीही सोडली असतीस, आणि बिले नसलेली एनए डोळे मिटून घेतली असतीस.

१७/
तो म्हणाला, “दादा, निर्णय बरोबर असला की झाले ना?” मी त्याला पिशवीतली बिले तारखेप्रमाणे लावायला बसवले. सहाव्या आणि सातव्या बिलामध्ये सव्वादोन वर्षांची पोकळी निघाली. त्या काळात गाडी बाहेर तेल बदलून चालवली की नुसती उभी होती, की अपघात होऊन दुसरीकडे दुरुस्त झाली? विम्याच्या जुन्या पॉलिसींवर त्या वर्षांचा नो क्लेम बोनस किती, हे पाहिले की बरेचसे उलगडेल. बोनस शून्यावर आला असेल तर दावा झाला असण्याची शक्यता आहे.

१८/
विक्रेत्याला पॉलिसी मागितल्या आहेत. रविवारी सकाळी सातला आम्ही गाडी पुन्हा पाहणार आहोत. आधी सुरू करून ठेवू नका, असे बजावले आहे. बॉनेटला हात लावून पाहणार. इंजिन कोमट लागले तर परतीची ८ वाजताची लोकल आहेच.