चित्रगीताची शिकवण

बोलती-नाचती चित्रे ही केवळ मुलांची करमणूक, असा समज आपल्याकडे रूढ आहे. शिकण्यासाठी प्रौढांनी अशी चित्रे पाहावीत, हे अनेकांना कमीपणाचे वाटते. हा समज कितपत खरा आहे, हे एका लघुपटावरून पडताळून पाहता येते.

1974 मध्ये फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ हा सुमारे 7 मिनिटांचा हिंदी अ‍ॅनिमेशनपट निर्माण केला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रांकन भीमसैन यांचे, तर संगीत ‘श्यामची आई’चे (1953) संगीतकार वसंत देसाई यांचे होते. गायिका साधना सरगम यांनी बालवयात यासाठी आपला आवाज दिला. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या लघुपटास मिळाला आणि दूरदर्शनमुळे तो घरोघरी पोहोचला.

चित्र व संगीत यांची ही सांगड नवी नव्हती. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘द स्केलेटन डान्स’ (1929) या लघुपटात सांगाडे तालावर नाचले होते. तेथे रंजन हाच हेतू होता. येथे त्याच साधनाने शिक्षण घडले.

ते कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे. लहान मुलगा ताईला ‘अनेक’ या शब्दाचा अर्थ विचारतो. ताई ‘पुष्कळ’ असा प्रतिशब्द देते. परंतु त्याचे समाधान होत नाही. मग ती एक सूर्य, एक चंद्र आणि अनेक तारे यांची उदाहरणे देते. पुढे जाळ्यासह एकजुटीने उडणाऱ्या पक्ष्यांची जुनी कथा येते. शेवटी मुलेही युक्तीने, परस्परांच्या आधाराने झाडावरचे आंबे काढतात. शब्द, उदाहरण, कथा आणि कृती अशा पायऱ्यांनी अर्थ मनात उतरतो.

गाणे पाठ होते आणि अर्थ मागे राहतो, असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच निराधार नाही. मात्र तसे पाहिले तर धडाही पाठ होतो आणि अर्थ मागे राहू शकतो. दोन्हीकडे उपाय एकच : ऐकल्या-पाहिल्यानंतर प्रश्न विचारणे आणि शिकलेले करून पाहणे.

प्रौढांविषयी म्हणावे, तर महाराष्ट्रातील जात्यावरची ओवी, कीर्तन व भारूड यांनी शतकानुशतके मोठ्या माणसांनाच गाण्यातून शहाणे केले. अक्षर न येणारी माणसे अज्ञानी नव्हती. त्यांचे ज्ञान सुरांतून वाहत होते. म्हणून उशिरा शिकू लागलेल्या व्यक्तीने चित्रगीताचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. तिच्यासाठी साहित्य तयार करणाऱ्यांवर मात्र मोठी जबाबदारी आहे. 7 मिनिटांच्या धड्यासाठीही उत्तम चित्रकार आणि उत्तम संगीतकार लाभले, म्हणूनच तो टिकला. नवशिक्यांसाठी काहीही चालते, ही वृत्ती शिक्षणाचा आणि शिकणाऱ्याचाही अपमान करणारी आहे.