रेड वाइन : आनंद खरा, औषध नव्हे

‘डॉक्टर, हृदयाला चांगली म्हणून रोज ग्लासभर रेड वाइन सुरू करू का?’ हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले, आजवर मद्याला न शिवलेले गृहस्थ असतात. म्हणूनच उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

प्रथमच सांगतो, मी वाइनचा शत्रू नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, नाशिकला गंगापूर धरणाजवळची एक वायनरी पाहिली. पोलादी टाक्यांत काळी द्राक्षे सालीसकट आंबत होती. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा या सालीतूनच उतरतो. व्हाइट वाइनसाठी मात्र रस आधीच काढून साली वेगळ्या करतात. शेडमध्ये आंबूसगोड वास भरून राहिला होता. आजही कधी मित्रांच्या घरी जेवताना शिराझचा घोट घेतला की ती तुरट चव जिभेवर येते आणि ती संध्याकाळ आठवते. हा आनंद खरा आहे. पण तो जिभेचा आणि आठवणीचा आहे. त्याला औषधाचे लेबल लावू नये, एवढेच माझे म्हणणे.

मग हा समज आला कोठून? लोणी, चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी, याचे श्रेय सर्ज रेनो या शास्त्रज्ञाने वाइनला दिले. १९९१ मध्ये अमेरिकेत दूरदर्शनच्या कार्यक्रमात ही गोष्ट आली आणि तिथे रेड वाइनचा खप एकदम वाढला. पुढे अशा अभ्यासांतील उणिवा दिसू लागल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात होते. थोडी वाइन घेणारे बहुधा सुस्थितीतले, प्रकृतीला जपणारे असत. द्राक्षाच्या सालीतील ज्या रेस्व्हेराट्रॉलचा एवढा गाजावाजा झाला, ते लिटरभर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते.

मद्यार्काचा हिशेब मात्र सोपा आहे. तेरा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटर ग्लासात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १०. तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ या बोलण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे धोकादायकरीत्या उतरू शकते. यकृताचा विकार असलेले, झोपेच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी तर वाइन पूर्ण वर्ज्य मानावी. सर्वांत वाईट म्हणजे, ‘वाइन चालू आहे’ म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारेही भेटतात. त्यांनी तसे मुळीच करू नये.

तात्पर्य, जे घेत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरू करू नये. जे घेतात त्यांनी क्वचित, थोडी आणि जेवणासोबत घ्यावी, ती चवीसाठी. घेतल्यावर गाडीला हात लावू नये. हृदयासाठी करायचेच असेल तर तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज अर्धा तास झपझप चाला आणि रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्या. यांतल्या कशालाच बाटली उघडावी लागत नाही.