म्युझिक प्लेअर परत आलाय, पण तुमच्या इअरफोनला तो हवाय का?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. "दादा, डॅप घेऊ का? सेल बाराला संपतोय." सोबत स्क्रीनशॉट होता. प्लेअर अकरा हजारांचा, आणि हा ज्या इअरफोनवर ऐकतो ते अठराशेचे. मी लिहिलं, "झोप. उद्या बोलू." सेल संपला आणि तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

डॅप म्हणजे डिजिटल ऑडिओ प्लेअर. आपल्या आधीच्या पिढीचा आयपॉड, जरा नव्या कपड्यांत. ॲपलने १० मे २०२२ ला आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा विषय संपला असंच वाटलं होतं. फोन असताना गाण्यासाठी वेगळा डबा कोण खिशात घालणार? आता मात्र फिओ, हायबी, शानलिंग, सोनी यांचे प्लेअर रील्समध्ये दिसतात, आणि पाच-सात हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत सगळ्या किमतीत मिळतात.

हे नुसतं जुन्या दिवसांचं वेड नाही. यामागे एक साखळी आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जॅक गेला आणि हळूहळू बहुतेक महाग अँड्रॉइड फोनमधूनही गेला. सगळे ब्लूटूथवर आले. मग स्ट्रीमिंगवाल्यांनी 'लॉसलेस' विकायला सुरुवात केली. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये, आणि स्पॉटिफायने बरीच वर्षं वाट बघायला लावून सप्टेंबर २०२५ मध्ये. भारतात स्पॉटिफायचं लॉसलेस नोव्हेंबर २०२५ मध्ये प्लॅटिनम प्लॅनसोबत आलं, महिना २९९ रुपये. आता गंमत बघा. सीडीच्या दर्जाचं ऑडिओ म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. सोनीचा एलडीएसी हा ब्लूटूथचा तगडा कोडेक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, आणि रोजचा एसबीसी किंवा एएसी त्याच्याही बराच खाली. म्हणजे तुम्ही लॉसलेसचे पैसे भरता आणि बहुतेक ब्लूटूथ इअरबड्सपर्यंत पोचेपर्यंत गाणं पुन्हा कापलं जातं. पूर्ण हवं असेल तर वायर लागते, आणि वायर लावायला फोनमध्ये भोक नाही. त्या भोकाची किंमत आता अकरा हजार सांगतायत!

मी डॅपच्या विरोधात नाही. माझ्याकडे एक आहे आणि तो रोज वापरतो. पण तो 'आवाज सुधारतो' म्हणून घ्यायला निघालात, तर आधी थोडं गणित करू.

प्लेअरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात पॉवर असते: ३०० मिलिवॉट, ५०० मिलिवॉट. तुमच्या इअरफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. समजा ३२ ओहम आणि १०५ डीबी प्रति मिलिवॉट. याचा सरळ अर्थ असा की फक्त १ मिलिवॉट दिला की कानात १०५ डीबी. आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटना ८० डीबीची मर्यादा सांगते. म्हणजे १ मिलिवॉटच आपल्याला खूप झाला. ॲपलचं ते छोटं पांढरं टाइप-सी डोंगल साधारण १ व्होल्ट देतं. ३२ ओहमवर ते होतात ३१ मिलिवॉट, म्हणजे कागदावर १२० डीबी. काही अँड्रॉइड फोनवर या डोंगलचा आवाज कमी निघतो, तरी कानात घालायच्या इअरफोनला सहसा पुरतो. ५०० मिलिवॉट हे मोठ्या, भुकेल्या हेडफोनसाठी आहेत. इअरफोनसाठी ते म्हणजे स्कूटीला ट्रकची टाकी.

(खोक्यावर कधी 'प्रति मिलिवॉट' लिहिलेलं असतं, कधी 'प्रति व्होल्ट'. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करू नका. १८ ओहमच्या इअरफोनचे ११९ डीबी प्रति व्होल्ट म्हणजे प्रति मिलिवॉट जेमतेम १०२. आकडा मोठा दिसावा म्हणून कोण काय छापेल सांगता येत नाही.)

जो आकडा खरंच बघायला हवा, तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. आउटपुट इम्पीडन्स. हा मी पैसे घालवून शिकलो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एक जुना प्लेअर सेकंडहँड घेतला. इअरफोन होते बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे, एका कानात अनेक छोटे ड्रायव्हर असलेले. मित्राच्या लॅपटॉपवर ते सुंदर वाजायचे. माझ्या प्लेअरला लावले की गायकाने तोंडावर रुमाल धरलाय असं वाटायचं. तबल्याची चाट तर गायबच. मी इअरफोनला दोष दिला आणि अर्ध्या किमतीत विकून टाकले. दोष जोडीचा होता, आणि न वाचता जोडी जमवणारा मी.

झालं काय, ते असं. प्लेअरच्या आतला रोध आणि इअरफोनचा रोध एकामागोमाग जोडलेले असतात. व्होल्टेज त्या दोघांत वाटलं जातं. बारावीच्या फिजिक्समधलं व्होल्टेज डिव्हायडर. पण अशा इअरफोनचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. धरा, बेसला ४० ओहम आणि वरच्या स्वरांना ८ ओहम. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर बेसला ५० पैकी ४० भाग मिळतात आणि वरच्या स्वरांना १८ पैकी फक्त ८. डेसिबलमध्ये हा फरक साधारण ५ डीबी. इक्वलायझरमध्ये कोणीतरी गुपचूप ट्रेबल ५ ने खाली ओढल्यासारखं. तोच आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असता तर फरक १ डीबीच्याही आत राहिला असता.

म्हणून जुना नियम: इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स कमी हवा. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपेक्षा कमी. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या स्वस्त इअरफोनचा इम्पीडन्स सहसा बऱ्यापैकी सपाट असतो, त्यामुळे त्यांना हा त्रास फारसा होत नाही. मल्टी-ड्रायव्हर किंवा हायब्रिड वापरत असाल तर हा आकडा मिळाल्याशिवाय प्लेअर घेऊ नका. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला तो सहसा ३.५ च्या दुप्पट असतो, हेही लक्षात ठेवा. 'बॅलन्स्ड म्हणजे भारी' एवढ्यावर हजार-दीड हजाराची नवी केबल घेणारे मी पाहिलेत. मिळालं काय, तर जास्त व्होल्टेज, जे मुळात लागतच नव्हतं, आणि नाजूक इअरफोनमध्ये मागे बारीक 'स्स्स'.

दुकानात ऐकून बघाल तेव्हा आणखी एक करा: दोन्हीकडचा आवाज सारखा ठेवा. एक डीबीने मोठा वाजणारा प्लेअर आपल्याला 'जास्त स्पष्ट' वाटतो. कान सगळ्यांचेच असे फसतात, माझेही.

मग फोन वाईट नाही का? फोनची अडचण वेगळी आहे. अँड्रॉइड सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळतं आणि ते करताना गाण्याचा सॅम्पल रेट बदलतं, बहुतेकदा ४८ किलोहर्ट्झवर. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डोंगलला गाणं जसंच्या तसं पाठवायची सोय सिस्टिममध्ये आली, पण फोन आणि ॲप दोघांनी ती वापरायला हवी. खरं सांगायचं तर हा बदल ऐकून ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. १९२ किलोहर्ट्झच्या आकड्यांचंही तेच. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि ४४.१ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग २२ पर्यंत पुरतं. फोनचा खरा त्रास म्हणजे ऐन आलापात ओटीपी येतो.

आवाज हे कारण नसेल, तर प्लेअर घ्यायचा कशासाठी? माझ्या मते आज एकच भक्कम कारण आहे, आणि ते बातम्यांतच सापडतं. रेसोने ३१ जानेवारी २०२४ ला भारतातला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी विंक बंद होत असल्याचं जाहीर झालं. अशा ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी ही फाइल नसते. ती कुलूप घातलेली प्रत असते आणि किल्ली कंपनीकडे. ॲप गेलं की किल्ली गेली. शिवाय लेबलचा करार संपला की चालू ॲपमधूनही गाणं करडं होतं. मराठीत हे जास्त टोचतं, कारण जुने नाट्यपदांचे, भावगीतांचे, गावाकडच्या भजनांचे कितीतरी अल्बम मुळात या ॲपवर आलेलेच नाहीत.

घरातल्या मोठ्यांना हे आपल्याआधी कळलं, असं मला कधीकधी वाटतं. सारेगामाचा कारवां २०१७ मध्ये आला तेव्हा आपण हसलो होतो. पाच हजार गाणी, बटण दाबा, वाजतं. इंटरनेट नाही, लॉगिन नाही. तो डॅपच होता की!

त्यामुळे भावाला मी दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला: "तुझ्याकडे स्वतःच्या फाइल किती आहेत?" उत्तर आलं, "म्हणजे?"

इथेच बहुतेकांचा विषय संपतो. फक्त स्ट्रीमिंग ऐकणार असाल, तर स्ट्रीमिंग चालवायला अँड्रॉइडवाला महाग डॅप लागतो, आणि त्यातलं अँड्रॉइड आधीच जुनं असतं. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा २०२३ चा प्लेअर अँड्रॉइड १२ वर आला होता. चार वर्षांनी हार्डवेअर ठणठणीत असेल आणि स्ट्रीमिंगचं ॲप म्हणेल, 'हे व्हर्जन आता चालत नाही.' अशांनी चांगलं डोंगल घ्यावं. फक्त त्यात डॅक चिप आहे ना, हे बघा. स्टेशनबाहेर शंभर रुपयांत मिळणाऱ्या काही अडॅप्टरमध्ये ती नसते, आणि मग तुमच्या फोनवर ते वाजतही नाहीत.

फाइल असतील, किंवा जमवायची तयारी असेल, तर मात्र साधा, अँड्रॉइड नसलेला छोटा प्लेअर मस्त. त्याला जुनं व्हायला फारसं काही नसतंच. घरातल्या सीडी लॅपटॉपवर फ्लॅकमध्ये उतरवा. चार मिनिटांचं गाणं साधारण २५ ते ३० एमबी होतं, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात साडेचार हजारांच्या आसपास गाणी. आयट्यून्स स्टोअरवर विकत घेतलेली गाणीही कुलूप नसलेली असतात. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं फ्लॅकमध्ये बदलू नका. फाटकी नोट लॅमिनेट केली म्हणून तिची किंमत वाढत नाही. आणि कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्या. बनावट कार्ड १२८ जीबी दाखवतं आणि ८ जीबीनंतरची गाणी गिळून टाकतं.

अजून एक तपासणी, जी इंग्रजी रिव्ह्यूत तुम्हाला कधीच मिळणार नाही: प्लेअरला देवनागरी वाचता येते का? 'कि' हे अक्षर फाइलमध्ये आधी क आणि मग वेलांटी असं साठवलेलं असतं. वेलांटी आधी काढायची, जोडाक्षर जुळवायचं, हे काम सॉफ्टवेअरला करावं लागतं. अँड्रॉइड ते बरोबर करतं. साध्या फर्मवेअरचे प्लेअर अनेकदा करत नाहीत. कुठे नुसते चौकोन, कुठे पाय मोडलेली अक्षरं आणि भलतीकडे गेलेली वेलांटी. दुकानात जाताना कार्डात 'ज्ञानेश्वर', 'स्मृती', 'किंकर' अशा नावांच्या तीन फाइल टाकून न्या. नाही जमलं तर नावं रोमनमध्ये लिहावी लागतील; एमपी३टॅगसारख्या सॉफ्टवेअरने एकगठ्ठा होतं, पण कंटाळवाणं आहे.

भावाने तूर्त डोंगल घेतलंय. इअरफोन तेच, अठराशेचे, आणि तो म्हणतो चांगले वाजतात. या दिवाळीत प्लेअर घ्यायचा की नाही ते तोवर किती फाइल जमतात त्यावर ठरवू, असं आमचं ठरलंय. मावशीच्या कपाटातल्या सीडी निघाल्या, त्यातल्या चार ओरखड्यांनी गेलेल्या. त्यांच्या खाली दोन कॅसेट सापडल्या, आमच्या आजोबांच्या भजनी मंडळाच्या. त्या कुठल्याच ॲपवर नाहीत. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून त्याने त्या लॅपटॉपवर उतरवल्या, नऊ फाइल झाल्या. काल रात्री परत साडेअकराला मेसेज: "दादा, टॅगमध्ये आर्टिस्ट म्हणून मंडळाचं नाव टाकू की आजोबांचं?"